माझ्या पट्टीतली भेग

माझ्याकडं शालींनी भरलेली एक ट्रंक आहे. आमच्याकडं थंडी पडते पंधरा दिवस, त्यामुळं त्यातल्या बहुतेक शालींची घडीसुद्धा मोडलेली नाही. सत्काराला बोलावणारी माणसं मनानं चांगली असतात, फक्त मी नेमकं काय खेळले ते त्यांना माहीत नसतं. एका सूत्रसंचालकानं मला क्रिकेटमध्ये घातलं, दुसऱ्यानं कुस्तीत. सुरुवातीला मी माईक हातात आला की आधी दुरुस्ती करायची. आता करत नाही. शाल घेते, नारळ घेते, दोन शब्द बोलते आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी येते. त्या दोन शब्दांत दुष्काळ असतोच. भेगाळलेलं मैदान, त्यावर पळणाऱ्या आम्ही पोरी आणि तिथून थेट भारताचा शर्ट. लोक टाळ्या वाजवतात. हे सगळं मी आता इतकं सराईतपणे सांगते की माझा मलाच वीट येतो.

त्यात एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. ज्या भेगांवर मी टाळ्या घेते, त्यातल्या एका भेगेत माझ्या मैत्रिणीचा गुडघा गेला. ती भेग बुजवायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते नीट केलं नव्हतं. पुढं तिच्या जागी मी गेले. हे तिला एकदा सांगून टाकायचं, म्हणून मी कित्येक वर्षं तिच्या दुकानात चहापत्ती आणायला जात होते, आणि दर वेळी फक्त चहापत्ती घेऊन परत येत होते.

आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला, मुखेड सोडून अहमदपूरच्या रस्त्याला लागलं की मध्ये येतं. कागदासाठी नांदेड, दवाखान्यासाठी लातूर, कापडचोपडासाठी अहमदपूर, अशी आमची तीन दिशांना ओढाताण. दोन्ही जिल्ह्यांना आम्ही सावत्र. त्यामुळं दोन्हीकडचे काही तालुके तोडून नवीन जिल्हा करा, ही मागणी माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. निवेदनं जातात, मोर्चे निघतात, बाजारपेठ एक दिवस बंद राहते. गावात जे जे नाही ते सगळं जिल्हा झाला की होणार असतं. मोठा दवाखाना, रेल्वे, नळाला रोज पाणी. आमच्या मैदानालाही गवत जिल्हा झाल्यावरच येणार होतं.

मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची काळ्या मातीची उघडी जमीन. पावसाळ्यात तिथं पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि उन्हाळ्यात ती ठिकठिकाणी उकलायची. आम्ही तिथं कबड्डी खेळायचो. एकदा आमचे खेळाचे सर कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेले आणि येताना पपईच्या आकाराचा चेंडू घेऊन आले. म्हणाले, आजपासून रग्बी. चेंडू हातात घेऊन पुढं पळायचं, पण द्यायचा मात्र मागच्या भिडूला. समोरचीनं कमरेला मिठी मारून आपल्याला जमिनीवर पाडायचं. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माय भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, की मग त्या चेंडूचं काय काम आहे, तसंच पाडा की एकमेकींना.

खरं सांगायचं तर खेळाचं वेड वगैरे आम्हाला कुणालाच नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की कबड्डीत महाराष्ट्रभर पोरी आहेत, तुमचा नंबर कधी लागायचा? हा खेळ नवा आहे, यात खेळणाऱ्या कमी, इथून भारताच्या संघात जाता येतं आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागते. आम्ही नोकरीसाठी रग्बी खेळलो. माझे वडील एसटीत कंडक्टर. आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली पगारी नोकरी आजोबांची, दुसरी वडिलांची, तिसरी माझी व्हायची होती. वडील जय भीम घालावा तितक्या सहज रोज विचारायचे, आज पळालीस का? त्यांचं सगळं लक्ष माझ्या पायांवर होतं.

मैत्रिणीच्या घरचं वेगळं होतं. ते लिंगायत, वडिलांचं भुसार मालाचं दुकान, घरात खाण्यापिण्याला कमी नाही. तिला नोकरीची गरज नव्हती. तिला लग्न नको होतं. बारावी झाली तेव्हापासून तिला बघायला उदगीरकडून, निलंग्याकडून माणसं येत होती. चड्डी घालून पळते म्हणून दोन स्थळांनी नाकं मुरडली, तेव्हा ती आम्हाला पेढे द्यायला निघाली होती. शेवटी तिच्या वडिलांनी एक बोली केली. या उन्हाळ्यात पुण्याला निवड आहे ना, तिथं भारताच्या शिबिरात नाव आलं तर लग्नाचा विषय तीन वर्षं काढणार नाही. नाही आलं तर आलेलं पहिलं बरं स्थळ पक्कं. तिनं होकार दिला, कारण तिचं नाव येणार याबद्दल सरांनाच काय, तिच्या वडिलांनाही शंका नव्हती.

ती कशी पळायची हे मी सत्कारात कधी सांगत नाही, सांगायला हवं. ती सरळ रेषेत पळायचीच नाही. तुम्ही तिच्या कमरेवर झेप घ्यावी तर कंबर तिथं नसायची. मी पाडणारी होते, ती निसटणारी. गळ्यातलं लिंग खेळताना काढायला तिच्या आजीची सक्त मनाई, आणि गळ्यात काही ठेवायला सरांची. मग ती ते फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायची आणि वरून बँडेज गुंडाळायची. गाठ मारायला मी लागायची. तिच्या आजीला ते कळलं असतं तर दोघींना घरात घेतलं नसतं. मला तर तसंही ओट्यापर्यंतच घ्यायच्या. मैत्रीण मग मुद्दाम स्वतःचा तांब्या घेऊन ओट्यावर यायची, आधी मला पाजायची आणि माझ्या उष्ट्या तांब्यानं आजीसमोर पाणी प्यायची. आजी आत निघून जायची.

मग ते साल आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. त्याआधीची दोन-तीन वर्षंही कोरडीच गेली होती, पण त्या उन्हाळ्यात कॉलेजचा बोअर आटला. तोपर्यंत सर पडायच्या जागेवर पाइपानं पाणी मारून घ्यायचे, म्हणजे अंग फुटत नसे. आता पाणी मारायचं नाव काढलं असतं तर गावानं आम्हाला मारलं असतं. घरी नळाला पाणी महिना महिना नाही, टँकर आला तर आला. मैदानाला भेगा पडल्या. काही बोटभर, काही अशा की आत टाच जाईल आणि हात घातला तर कोपरापर्यंत बूड लागू नये.

पुण्याची निवड महिन्यावर आलेली. सरांनी मैदानाची वाटणी केली, शेताची करतात तशी. प्रत्येकीला एक पट्टी. सराव सकाळी असायचा, त्याच्या आदल्या संध्याकाळी ज्या त्या पोरीनं आपल्या पट्टीतल्या भेगा बुजवायच्या. त्याची रीत ठरलेली होती. आधी ढेकळं फोडून आत सोडायची, मग बारीक कोरडी माती, मग पहारीनं ठासायचं. पहार खाली गेली की भेगेला अजून माती हवी, पुन्हा टाका. पहार वरच अडली की झालं. मग टाचेनं तुडवायचं. दिवस मावळेपर्यंत एका पोरीच्या दहा-बारा भेगा व्हायच्या आणि दोन दिवसांनी त्या शेजारीच नव्या उकललेल्या असायच्या. आमचा निम्मा सराव म्हणजे ती पहारच होती. सर एकच वाक्य रोज म्हणायचे, "पट्टी जिची तिनं राखायची. पळणारी खाली बघत नसती."

मैदानाच्या एका कडेला जनावरांच्या छावणीचा चारा उतरायचा. तिथं तुरीचं भुसकट सांडलेलं असायचं.

त्या दिवशी माझ्या तीन भेगा राहिल्या होत्या. उन्हं उतरली होती. वस्तीतून निरोप आला, टँकर लागलाय, मायनं घागरी घेऊन बोलावलंय. टँकर आमच्या वस्तीत अकरा दिवसांनी आला होता. दोन भेगा मी घाईघाईनं का होईना, मातीनं भरल्या. तिसरी मोठी होती. ढेकळं फोडायला वेळ नव्हता. मी चाऱ्याच्या ठिकाणाहून दोन कवळे भुसकट आणलं, भेगेत कोंबलं, वर चार ओंजळी माती ओढली आणि पायानं सारखी केली. पहार घातली नाही. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढू आणि नीट भरू, असं ठरवून मी पळाले. वरून पाहिलं तर सगळ्या मैदानात माझीच पट्टी सपाट दिसत होती.

आम्हाला चार घागरी पाणी मिळालं. त्यासाठी मी टँकरवर चढून पाइप धरला, एका बाईशी भांडले, माझी बाही फाटली. माय खूश झाली. दमून मी अशी झोपले की सकाळी जाग आली तेव्हा ऊन दारात आलेलं होतं. मैदानावर पोचले तेव्हा सराव सुरू झाला होता. सर लांबूनच म्हणाले, उशीर झाला तरी पट्टी मात्र झकास राखलीस, बघा गं हिच्याकडं. मी बोलणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. पण चेंडू तिच्या हातात होता आणि ती माझ्याच पट्टीवरून येत होती.

आवाज मोठा झाला नाही. तिचा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला, अंग पुढं गेलं आणि गुडघा मध्येच राहिला. पडल्यावर तिनं गुडघा धरला नाही, दंडावरचं बँडेज घट्ट धरून ठेवलं. मी तिच्याजवळ बसले. माझ्या समोर त्या भेगेतून भुसकट वर आलेलं दिसत होतं. सरांना ते दिसलं का नाही, मला अजून माहीत नाही. मी पायानं त्यावर माती लोटली. हे करताना मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

जीपमधून तिला लातूरला नेलं. दवाखान्यात पाणी घरून आणा असं सांगत होते. डॉक्टरांनी फोटो बघून आतली शीर तुटली म्हणून सांगितलं, आता खेळ विसरा, नीट चालली तरी पुष्कळ. तिच्या वडिलांनी कुणालाच दोष दिला नाही. व्हरांड्यात बसून म्हणाले, दुष्काळानं सगळ्यांचंच काही ना काही नेलं, कुणाची जनावरं, कुणाचा ऊस. आमचं हे नेलं. सरांनीही मान हलवली. दुष्काळाचं नाव निघालं की आमच्याकडं पुढं कुणी काही विचारत नाही. ती भेग कुणाच्या पट्टीत होती, हे पंधरा पोरींना ठाऊक होतं, पण भेगा रोजच पडत होत्या आणि माझी पट्टी तर सगळ्यांत चांगली होती.

पुण्याला मी गेले. निवड करणाऱ्या बाईंनी माझं पाडणं बघून वहीत खूण केली. तिथं आमच्या दोन पोरी असत्या तर मला घेतलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे, की आता त्याचं उत्तरही मला कंटाळून निघून गेलं असावं. मला शिबिराचा निरोप आला त्याच महिन्यात तिला निलंग्याच्या बाजूचं, पण आमच्याच गावात किराणा दुकान टाकलेलं स्थळ पक्कं झालं. लग्नात ती खुर्चीत बसून होती. मला बघून म्हणाली, आता माझ्या वाटणीचं पण पळ. मी तिच्या हातातल्या अक्षता सारख्या करत राहिले.

त्यानंतर पाच वर्षं मी खेळले. शिबिरं बहुतेक पूर्वेकडं, ओडिशात नाहीतर कोलकात्याला. पहाटे उठा, पळा, खा, झोपा, पुन्हा पळा. बाहेर देशात पाच वेळा गेले. लोकांना वाटतं परदेश पाहिला. मी विमानतळ, हॉटेलची खोली आणि मैदान पाहिलं. पहिल्या वेळी, सामन्याच्या आदल्या दिवशी, तिथला माणूस हिरव्यागार मैदानावर पाण्याचे फवारे सोडून निवांत शिट्टी वाजवत उभा होता. तासभर चालू होते. माझ्या शेजारी हरियाणाच्या, केरळच्या, बंगालच्या पोरी होत्या, त्यांना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. मी मात्र तिथून हलेना. प्रशिक्षक बाईंना वाटलं, मला घरची आठवण आली. तशी आलीच होती म्हणा. चार घागरी आठवल्या.

सामन्याच्या दिवशी पाऊस पडला. पावसात खेळायची मला सवय कुठली? मी घसरले, उठले, घसरले. त्याहून वाईट सवय दुसरीच होती. पळताना मी खाली बघायची. गवताखाली भेग आहे का बघायची. त्या देशात आठशे मैलांत भेग नसेल, हे कळत होतं, तरी मान खाली जायची. बाई बाहेरून ओरडायच्या, समोर बघ, समोर बघ. चौथ्या दौऱ्यात मी अशीच खाली बघत असताना समोरून आलेल्या धिप्पाड पोरीनं मला उचलून टाकलं आणि माझा उजवा खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. पाचव्या दौऱ्यात मी बाकावर बसले आणि तिथंच माझं खेळणं संपलं. शेवटचा निरोप वगैरे काही झाला नाही. पुढच्या शिबिराच्या यादीत नाव नव्हतं, बस्स.

नोकरीचं काय झालं, हेही सत्कारात कुणी विचारत नाही. प्रमाणपत्रं घेऊन मी खेळाच्या सरकारी कार्यालयांत दोन वर्षं चकरा मारल्या. नांदेडला गेले की लातूरला जा म्हणायचे, लातूरला गेले की ही स्पर्धा यादीत बसते का ते कळवू म्हणायचे. मग मीच चकरा थांबवल्या. तिथला एक बाबू भला होता, चहा पाजायचा. म्हणाला, ताई, तुमचा जिल्हा वेगळा झाला असता तर तिथं तुमच्याशिवाय होतं कोण? मी हसले. सध्या मी त्याच कॉलेजात तासिकेवर खेळ शिकवते. वडील आता निवृत्त झाले आहेत. पळालीस का, असं विचारत नाहीत.

आणि रोज तिच्या दुकानात जात होते. ती उंच स्टुलावर उजवा पाय सरळ ठेवून बसायची. गुडघा वाकत नाही, पोती ओढता येत नाहीत, पण अख्ख्या गल्लीचा किराणा तिच्या तोंडपाठ. माझा खांदा निखळला तेव्हा तिनंच सासूकडून तेल मागून आणलं होतं, दुकानात बसवून चोळलं होतं आणि म्हणाली होती, आपण दोघी मिळून एक धड बाई होतो बघ. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तिचे हात माझ्या खांद्यावर होते म्हणून सांगवलं नाही.

यंदा जिल्ह्याच्या मागणीनं पुन्हा उचल खाल्ली. कृती समितीनं स्मरणिका काढायची ठरवली. आपल्या भागात काय काय आहे हे त्यात दाखवायचं, म्हणजे सरकारला पटेल. कोर्ट आहे, बाजार समिती आहे, दोन कॉलेजं आहेत, आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे. माझ्यावरचं पान लिहायचं काम मैत्रिणीनं मागून घेतलं होतं. दुपारची वेळ होती, नवरा माल आणायला अहमदपूरला गेलेला. मी गेल्या गेल्या तिनं कागद पुढं केला. वाच म्हणाली, काही चुकलं असंल तर सांग.

अक्षर अजून शाळेतल्यासारखं गोल. माझा जन्म, शाळा, सर, दौरे. सगळं बरोबर. मग एक ओळ होती: जमिनीला पडलेल्या भेगा स्वतःच्या हातांनी बुजवून या कन्येने भारतापर्यंत मजल मारली.

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "ही ओळ काढ."

"का गं? खरी हाय की. मी होते ना तिथं."

मग मी सांगितलं. नऊ वर्षं मनात घोळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. टँकर सांगितला, तीन भेगा सांगितल्या, भुसकट सांगितलं. तिचं डोकं मांडीवर असताना पायानं माती लोटली तेही सांगितलं. मध्येच एक बाई कपड्याचा साबण मागायला आली. मैत्रिणीनं तिला साबण दिला, कोणता हवा ते विचारून दिला. बाई गेली. पंखा फिरत होता, मी रडत होते, आणि मला स्वतःच्या रडण्याचीही चीड येत होती. रडायचा हक्क तिचा होता, आणि ती रडत नव्हती.

"भुसकट तुरीचं होतं?" तिनं विचारलं.

"हाव."

"पाणी मिळालं का मग त्या दिवशी तुम्हाला?"

"चार घागरी."

तिनं मान हलवली. सरळ ठेवलेल्या पायाकडं बघत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. या दोन्हींची तयारी मी करून ठेवली होती. ती बोलली ते अगदी हळू आवाजात, दमलेल्या माणसासारखी.

"मी दुष्काळावर राग धरून बसले होते. त्याची काही तकलीफ नव्हती बघ. दुष्काळ काय रोज दुकानात येत न्हाई. तू येतीस." मग कागद घडी करून गल्ल्याखाली सारला आणि म्हणाली, "जा आता. मला लई कंटाळा आलाय."

आठ दिवस मी त्या गल्लीला गेले नाही. चहापत्ती स्टँडजवळच्या दुकानातून आणली. माय म्हणाली, चहाला चव नाही, भांडलात का? मी कप उचलून विसळायला गेले. सांगून मोकळं वाटेल असं म्हणतात. मला तसलं काही वाटलं नाही. उलट आपण तिच्याकडून आणखी एक वस्तू काढून घेतली, असंच वाटत राहिलं. आधी पाय नेला, मग निवांतपण. नवव्या दिवशी मी ठरवलं की जायचं. तिला राग धरायचा असेल तर समोर माणूस तरी पाहिजे, लपून बसणाऱ्यावर ती कुठवर राग धरणार?

ती बोलली नाही. पुडा काउंटरवर ठेवला, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या आठवड्यात स्मरणिका आली. माझ्या पानावर माझा फोटो होता, खाली खेळाचं नाव होतं, दौरे होते. ती ओळ नव्हती. तेवढ्या जागेत एका खताच्या दुकानाची जाहिरात बसवली होती. जिल्हा अजून झालेला नाही.

त्यानंतर एका सकाळी मी गेले तेव्हा दुकानाच्या पायरीवर साखरेची पोती उतरवलेली होती. हमाल टाकून निघून गेलेला, नवरा घरी नाही. ती स्टुलावर बसून पोत्यांकडं बघत होती. मी चहापत्ती मागितली. तिनं पुडा काढला नाही.

"ते पोतं आत घे," ती म्हणाली.

पोतं पन्नास किलोचं. माझ्या खांद्याचं तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी वाकले, डाव्या हातानं ओढायला गेले, जमेना, मग उजवा लावला. खांद्यात कळ गेली ती दातांपर्यंत. पोतं आत नेऊन भिंतीला लावलं. मग दुसरं. मग तिसरं. ती बघत होती. शेवटचं ठेवून मी घाम पुसत उभी राहिले, तेव्हा तिनं मागचा तांब्या उचलला, स्वतः घोटभर पाणी प्यायली आणि तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"उद्या तेलाचे डबे येणार हायेत," ती म्हणाली. "सकाळी ये."

तेव्हापासून तिच्या दुकानातला माल मीच आत घेते. खांदा दुखतो. तिला ते दिसतं, आणि ती मला थांब म्हणत नाही.